भिंतीवरचं सर्टिफिकेट

"त्यांची घरची औषधांची पिशवी घेऊन या," असं त्या मुलानं सांगितलं तेव्हा मला वाटलं नुसती यादी करायची असेल. मिरजेच्या एका हॉस्पिटलात आईला ॲडमिट करून दुसरा दिवस होता, तोंडात सगळीकडे जखमा, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, ताप उतरत नव्हता आणि रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १४०० वर आलेल्या. तो मुलगा असेल पंचवीस-सव्वीसचा. पांढरा एप्रन, छातीवर नावाचा बिल्ला. डॉक्टर नव्हता तो, हॉस्पिटलचा फार्मासिस्ट होता. मी पिशवी आणली तशी त्यानं ती कॉटवर उलटी केली, सगळ्या स्ट्रिपा एका ओळीत मांडल्या, त्यातल्या दोन बाजूला काढल्या आणि आईजवळ वाकून विचारलं, "आज्जी, यातली रविवारची गोळी कुठली?"

आईनं बोट ठेवलं.

"आणि ही दुसरी? रोज घेतली? किती दिवस?"

आईला बोलता येत नव्हतं. तिनं आठ बोटं दाखवली, आमवातानं सुजलेली, सरळ न होणारी आठ बोटं. तो पोरगा काही न बोलता उठला आणि जवळजवळ पळतच डॉक्टरांकडे गेला.

झालं होतं असं. आईला आमवात, गेली दोन वर्षं सकाळी उठल्यावर तासभर मुठी वळत नाहीत. डॉक्टरांनी नवीन औषध सुरू केलं, मेथोट्रेक्झेट, आठवड्यातून एकदाच, दर रविवारी एक गोळी. आणि त्या औषधानं शरीरातलं फॉलिक ॲसिड मार खातं म्हणून बाकीचे सहा दिवस फॉलिक ॲसिडची गोळी. चिठ्ठीवर हे स्वच्छ लिहिलेलं होतं, मी नंतर ती चिठ्ठी शंभर वेळा वाचलीय. दोन्ही गोळ्या बारक्या, दोन्ही पिवळ्या. बाजारात मेथोट्रेक्झेटच्या एका ब्रँडचं नाव 'फोलि'नं सुरू होतं आणि फॉलिक ॲसिडच्या एका ब्रँडचं 'फोल'नं. मेडिकलमधल्या काउंटरवरच्या पोरानं दोन्ही स्ट्रिपा दिल्या बरोबर, पण मार्करनं खुणा करताना मेथोट्रेक्झेटवर लिहिलं 'रोज १' आणि फॉलिक ॲसिडवर लिहिलं 'रविवार'. आई निवृत्त शिक्षिका. लिहिलंय तसं करणारी बाई. तिनं ते अक्षरशः पाळलं, आठ दिवस सकाळी नाश्ता झाला की दहा मिलिग्रॅमची एक गोळी.

हे औषध पेशींची वाढ रोखतं, म्हणून ज्या पेशी सतत नव्या होत असतात त्यांना पहिला फटका बसतो, तोंडाच्या आतली त्वचा, आतडी, हाडांच्या आतला मगज जिथे रक्त तयार होतं. कॅन्सरमध्ये हेच औषध मोठ्या डोसमध्ये देतात. आमवाताला थोडंसं, आणि आठवड्यातून एकदाच. त्या दोन शब्दांवर सगळं उभं आहे, "आठवड्यातून एकदाच". जगभर ही चूक इतकी ओळखीची आहे की युरोपच्या औषध नियामकांनी २०१९ मध्ये फक्त या आठवड्याच्या आणि रोजच्या घोळापायी पाकिटावर ठळक सूचना छापायला लावल्या. हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. मी पुण्यात, आई सांगलीत, रोज फोनवर "गोळ्या घेतल्या का" विचारायचे आणि ती "हो घेतल्या" म्हणायची आणि मी निश्चिंत.

आई अकरा दिवस हॉस्पिटलात होती. ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं दिली, ते या औषधावरचा उतारा. वाचली. त्या एप्रनवाल्या पोरानं पिशवी उलटी केली नसती तर डॉक्टर कदाचित आणखी दोन दिवस इन्फेक्शनच शोधत बसले असते. हे मी मुद्दाम आधी लिहितेय, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की माझा फार्मासिस्ट लोकांवर राग आहे. माझी आई एका फार्मासिस्टमुळेच वाचली. आणि दुसरा फार्मासिस्ट जागेवर नव्हता म्हणून ती तिथवर पोचली होती.

आता मेडिकलबद्दल. सांगलीच्या गावभागातलं दुकान, आमच्या घरापासून चार मिनिटं. मालकांना आम्ही काकाच म्हणतो, बावीस वर्षांची ओळख. बाबा शेवटच्या आजारात असताना रात्री दीडला शटर उघडून इंजेक्शन दिलेला माणूस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा स्वतःचा अर्धा माल भिजलेला असताना वरच्या माळ्यावर वाचलेल्या बीपीच्या, शुगरच्या गोळ्या त्यांनी ओळखीच्या म्हाताऱ्यांना पोचवल्या होत्या, पैशाचं नंतर बघू म्हणून. असा माणूस. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा रागानं नाही गेले खरंतर, मला फक्त ऐकायचं होतं ते काय म्हणतात. त्यांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, "ताई, पोराची चूक झाली, नवीन आहे, हॉस्पिटलचं बिल सगळं मी देतो, पण बाहेर काही नको."

ते बोलत होते आणि माझं लक्ष त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर गेलं. गणपतीचा फोटो, लायसन, आणि त्याच्या शेजारी फ्रेममध्ये एक रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. एका बाईचं नाव. बावीस वर्षं मी या दुकानात येतेय, ते सर्टिफिकेट कधीपासून आहे ते काही सांगता येत नाही, पण त्या नावाची बाई मी एकदाही पाहिली नाही. मी विचारलं, "या कुठे असतात?" काका गप्प. मग म्हणाले, "असतात, येतात अधूनमधून."

त्या रात्री मी इंग्लंडमध्ये लेस्टरला आतेबहिणीला फोन केला, ती तिकडे फार्मसीतच काम करते. सगळं सांगून झाल्यावर मला वाटलं ती औषधाबद्दल काही विचारेल, डोसबद्दल. तिनं पहिला प्रश्न विचारला, "त्यांनी तुला स्वतःहून फोन केला का?"

नाही केला. त्यांना कळलंच नव्हतं, मी जाईपर्यंत.

"मग तुमच्याकडे चूक पकडणारं कुणी नव्हतंच," ती म्हणाली. मग तिनं तिकडची एक गोष्ट सांगितली जी तिथल्या प्रत्येक फार्मासिस्टला माहीत असते. २००७ मध्ये विंडसरला एका बदली फार्मासिस्टच्या हातून प्रेडनिसोलोनच्या जागी प्रोप्रॅनोलॉल गेलं, नावं आसपासचीच, ७२ वर्षांची पेशंट बाई नंतर वारली. फार्मासिस्टवर फौजदारी खटला झाला, २००९ मध्ये तीन महिन्यांची स्थगित कैद, २०१० मध्ये अपिलात ती दंडावर आली. पण त्या खटल्यानं सगळा व्यवसाय इतका हादरला की लोक चुका सांगायलाच घाबरायला लागले, आणि शेवटी २०१८ मध्ये त्यांनी कायदा बदलला. रजिस्टर्ड माणसाच्या हातून काम करताना प्रामाणिक चूक झाली आणि त्यानं ती पेशंटला लगेच कळवली, तर चुकीचं औषध दिल्याच्या फौजदारी गुन्ह्यात त्याला बचाव आहे. पण त्यांची जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल, म्हणजे जिथे नाव नोंदलेलं असल्याशिवाय कामच करता येत नाही, ती तरीही विचारू शकते, हा माणूस हे काम सुरक्षितपणे करायला योग्य आहे का. शिक्षा किती द्यायची हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नसतो, उद्या काउंटरवर येणाऱ्या पेशंटला धोका आहे का हे मुख्य बघायचं असतं. कुणाला ताकीद देतात, कुणाच्या कामावर अटी घालतात, कुणाला काही महिने थांबवतात, अगदीच असेल तर नाव काढतात.

मला रात्रभर तेच डोक्यात. मला कुणाला जेलमध्ये घालायचं नव्हतं. काकांचे पैसेही नको होते. मला काय हवं होतं ते मला त्या फोननंतर कळलं. त्या फ्रेमखालच्या खुर्चीत त्या नावाचा माणूस बसलेला हवा होता.

मग शोधायला लागले की हे सांगायचं कुणाला. इथे बहुतेक लोक दमतात, मीही दमले होते, कारण दारं तीन आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो. दुकानाचं लायसन अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे आपण ज्याला एफडीए म्हणतो. दुकानात फार्मासिस्ट नसणं, बिल नसणं, चिठ्ठीशिवाय औषध देणं, हे त्यांचं खातं, त्यांचा औषध निरीक्षक येऊन बघतो. नुकसानभरपाई हवी तर ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. आणि त्या फार्मासिस्टच्या वागण्याबद्दल, त्याच्या कर्तव्याबद्दल बोलायचं असेल तर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल, मुलुंडला. डॉक्टरांची कौन्सिल असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण औषधाच्या दुकानामागे पण एक कौन्सिल आहे आणि तिथे पेशंटला तक्रार करता येते हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

फार्मसी ॲक्ट १९४८ चा. स्वातंत्र्य मिळून वर्ष व्हायच्या आत केलेला कायदा, आणि त्याचा गाभा इतका साधा आहे की मला तो वाचून भरून आलं, की औषध हातात देणारा माणूस शिकलेला असला पाहिजे आणि त्याचं नाव एका वहीत असलं पाहिजे. त्याच्या आधी काय होतं ते आपल्या आज्या सांगायच्याच ना, डॉक्टरचा कंपाउंडर, लाल मिक्श्चरची बाटली, तिच्यावर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदाची पट्टी. त्या कायद्याच्या ३६ व्या कलमात नाव वहीतून काढायची तरतूद आहे, व्यवसायात लांच्छनास्पद वर्तन असेल तर, पण त्या माणसाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय नाही, आणि नंतर राज्य सरकारकडे अपील आहेच. मला हे दोन्ही आवडलं. मग २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स. त्यात फार्मासिस्टनं एप्रन घालायचा, नाव आणि रजिस्ट्रेशन नंबरचा बिल्ला लावायचा, पेशंटला औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगायचं, आणि दुकानात स्वतः काम न करता मालकाला आपलं सर्टिफिकेट वापरायला दिलं तर ते गैरवर्तन, असं स्पष्ट लिहिलंय. औषधांच्या नियमातला ६५ वा नियम तर जुनाच आहे, चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनं किंवा त्याच्या समक्ष देखरेखीखालीच द्यायचं.

समक्ष. हा शब्द मी खूप वेळ बघत बसले.

नियम नाहीत असं नाहीच. २०१२ च्या सुमाराला महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे म्हणून राज्यभर तपासण्या झाल्या होत्या, आणि केमिस्ट लोकांनी बंद पुकारले होते. मला तो बंद आठवतो. मी तेव्हा चिडले होते, आणि चिडले होते ते सरकारवर, की औषधं मिळत नाहीत लोकांना आणि यांना सर्टिफिकेटचं पडलंय. आज ते आठवलं की पोटात तुटतं.

तक्रार लिहायला बसले तर पहिला खर्डा पाच पानांचा झाला. त्यात सगळं होतं, आईच्या तोंडातलं रक्त, माझी झोप, काकांचे जोडलेले हात. आई तोपर्यंत घरी आली होती, खिचडी खाऊ लागली होती. ती म्हणाली, वाच. मी वाचलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि पहिलं वाक्य म्हणाली ते, "त्याच्या पोटावर पाय नको देऊस." मी चिडले. म्हणाले, आई, तू मरत होतीस. ती म्हणाली, "मला माहितीय, मीच होते तिथे." मग आमचं दोन दिवस बोलणं नाही असंच झालं जवळजवळ. शेजारच्या वहिनींना कुठून तरी कळलं, त्या आल्या आणि म्हणाल्या, अहो इतक्या वर्षांचे संबंध, आणि उद्या रात्री-बेरात्री गोळी लागली तर कुणाचं दार वाजवणार. ही भीती खोटी नाही हो. जे लोक म्हणतात "सरळ कंप्लेंट टाका" त्यांना गल्लीत राहायचं नसतं. मीही पुण्याला निघून जाणार, राहणार ती आई.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनंच विषय काढला. तिला म्हणे रात्री एक हिशोब सुचला. त्या दुकानात दिवसाला किती चिठ्ठ्या येत असतील? शंभर? त्यातल्या तिच्यासारख्या, एकट्या राहणाऱ्या, लिहिलंय तसं घेणाऱ्या किती? "माझी मुलगी रोज फोन करते," ती म्हणाली, "तरी आठ दिवस गेले." मग तिनं चष्मा लावला, लाल पेन मागितलं आणि माझी पाच पानं तपासायला घेतली. चाळीस वर्षांपूर्वी निबंधाच्या वह्या तपासायची तशी. 'अत्यंत निष्काळजीपणे' काट. 'अमानुष' काट. 'आम्हाला झालेला मानसिक त्रास' काट. "काय झालं ते लिही," म्हणाली, "कसं वाटलं ते त्यांना कळेल, तीही माणसंच असतील." शेवटी दीड पान उरलं. कुठल्या तारखेला चिठ्ठी, कुठल्या तारखेला औषध घेतलं, बिल नंबर, स्ट्रिपांवर काय लिहिलं होतं, औषध देताना रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर नव्हते, समजावून कुणी सांगितलं नाही, आठ गोळ्या, ॲडमिट झाल्याची तारीख, डिस्चार्ज कार्ड. सोबत चिठ्ठीची आणि बिलाची झेरॉक्स, दोन्ही स्ट्रिपांचे फोटो. स्ट्रिपा फेकल्या नव्हत्या हे नशीब, त्या एप्रनवाल्या पोरानंच सांगितलं होतं, "मॅडम, या जपून ठेवा." ज्याला कुणाला हे कधी करावं लागेल त्यानं एवढं तरी करा, रागाच्या भरात पिशवी कचऱ्यात टाकू नका. बिल घ्या, नेहमी घ्या. ओळखीच्या दुकानात आपण बिल मागत नाही, मागितलं तर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. माझ्याकडे बिल होतं ते फक्त माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेमला लागतं म्हणून.

दुकानाची तक्रार एफडीएकडे वेगळी, फार्मासिस्टची कौन्सिलकडे वेगळी. पहिली लिहिताना हात थांबला नाही. दुसरी लिहिताना थांबला, कारण तिथे एक नाव लिहायचं होतं.

त्या सर्टिफिकेटवरच्या मुलीबद्दल मला तोवर थोडं कळलं होतं. मुलगीच म्हणायची, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा झालेली, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली, पदरात लहान मूल, आणि सर्टिफिकेटचे दर महिन्याला काही हजार येतात. दोन वर्षांचं शिक्षण, वर पाचशे तासांचं ट्रेनिंग, आणि मग हातात आलेल्या नोकऱ्या म्हणजे दिवसाचे बारा तास उभं राहून मिळणारा असा पगार की त्यापेक्षा कागद भिंतीला लावून घरी बसलेलं परवडतं. मी तिच्या जागी काय केलं असतं? मला खरंच छातीठोकपणे सांगता येत नाही. तिनं आईला कधी पाहिलेलं नाही. ती चूक तिच्या हातानं झालेली नाही. पण तिचा हात तिथे असायला हवा होता, त्या मार्करवर, त्या दोन स्ट्रिपांवर शेवटची नजर तिची असायला हवी होती, आणि तिला हे शिकवलेलं आहे, त्या काउंटरवरच्या पोराला कुणी शिकवलेलं नाही. तिला माहीत होतं मेथोट्रेक्झेट म्हणजे काय. या एका गोष्टीवर मी परत परत येत होते. तिला माहीत होतं, आणि ती तिथे नव्हती, आणि तिच्या नावावर दुकान उघडं होतं.

मी नाव लिहिलं. रजिस्ट्रेशन नंबर लिहिला, भिंतीवरून फोटो काढून आणला होता.

तो काउंटरवरचा पोरगा हॉस्पिटलात आला होता एकदा, हे मी सांगायचं विसरले. एकोणीस वर्षांचा, जत तालुक्यातला, शहाळं घेऊन आला होता आणि वॉर्डच्या दारातच उभा राहिला, आत यायला तयार नाही. आईनं हातानं बोलावलं तर रडायलाच लागला. म्हणाला, "मला चिठ्ठीतलं इंग्लिश नीट कळत नाही आज्जी, मी डब्यावरचं नाव बघून देतो." दोन स्ट्रिपांवर खुणा करताना विचारायला मागे कुणी नव्हतं त्याच्या.

सही आईची लागणार होती, पेशंट ती. मी पानं तिच्यापुढे ठेवली. बोटांत पेन धरायला तिला वेळ लागतो सकाळी, म्हणून आम्ही दुपारपर्यंत थांबलो. तिनं एकदा पूर्ण वाचलं, सही केली, आणि मग सहीच्या खाली जी चार बोटं जागा उरली होती तिथे तिनं स्वतःच्या अक्षरात, तिरकं तिरकं, एक वाक्य लिहिलं. 'काउंटरवरच्या मुलाला कामावरून काढू नये, त्याला शिकवावे.' मी म्हणाले, आई, हे कौन्सिलच्या हातात नसतं. ती म्हणाली, "असू दे. वाचतील तरी."

स्पीड पोस्टानं पाठवलं. पोचपावती आली. आईचं ते औषध डॉक्टरांनी बंद केलंय, दुसरं दिलंय, आणि ते ती आता बसस्टँडकडच्या एका दुकानातून आणते. रिक्षाला चाळीस रुपये जातात, पण तिथे एप्रनवाल्या एक बाई बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, "आधी कुठलं औषध चालू होतं?" आणि आईनं त्यांना उभ्या उभ्या सगळी गोष्ट सांगितली. मागे रांग लागली तरी त्या ऐकत होत्या म्हणे.

काकांच्या दुकानावरून जाताना आई अजून मान हलवते, तेही हलवतात. बोलत नाहीत. परवा फोनवर मला म्हणाली, सुनावणीला बोलावलं तर मला मुलुंडला घेऊन चल, एवढ्या लांबचा प्रवास झेपेल आता. मी म्हणाले, तू कशाला, मी जाईन की. तर म्हणाली, "ती मुलगी येईल ना तिथे. तिनं मला एकदा बघावं."